पाणी सोडणाऱ्या विमलताई

आमच्या सोसायटीत आता तिसऱ्या मजल्यावरसुद्धा सकाळी बोटभर जाडीची धार पडते. नवीन राहायला आलेली माणसं मला जिन्यात थांबवून म्हणतात, "दामलेकाका, बाकी धायरीत काही असो, तुमच्याकडे पाण्याचं मात्र छान आहे हं." मी म्हणतो, "हो, लक्ष ठेवावं लागतं." आणि पुढे जातो. या वाक्यात खोटं काही नाही. लक्ष ठेवावंच लागतं. फक्त ते कोणी ठेवलं होतं, हे मी सांगत नाही.

विमल गजभिये. ए विंग, दुसरा मजला. त्या आमच्याकडे जेमतेम अडीच वर्षं राहिल्या आणि त्यातला एक दिवसही असा गेला नाही की मला त्यांचा हेवा वाटला नाही.

त्या येण्याआधी अकरा वर्षं सोसायटीचं पाणी मी बघत होतो. भोसरीच्या एका कारखान्यात देखभाल विभागात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर पंपाच्या खोलीची किल्ली माझ्या घरच्या खिळ्यावर आली आणि मला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं. महापालिकेचं पाणी जमिनीखालच्या टाकीत कधी येतं, पंप किती वेळ चालवला की गच्चीवरची टाकी भरते, तिथून खाली उतरणाऱ्या आठ पाइपांपैकी कुठला कोणाच्या न्हाणीघरात जातो, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. कागदावर मी ते मुद्दाम उतरवलं नव्हतं. पाणी गेलं की लोक माझ्या दारात यायचे. "दामले, जरा बघता का?" या चार शब्दांवर मी अकरा वर्षं जगलो, असं माझी बायको शुभा म्हणते. तिचं खोटं नसतं.

विमलताई राहायला आल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. दारात एक बारीक, सावळ्या बाई. सुती साडी, खांद्यावर पिन, मनगटात पुरुषी घड्याळ.

"साहेब, पंप बंद करा जी. कोरडा चालून राहिला."

मी म्हणालो, "नाही हो. आत्ताच मी चालू करून आलोय."

"आवाज ऐका ना."

मी ऐकला. मला पंपाचा आवाज पंपासारखाच वाटला. तरी खाली गेलो. पंप तापला होता आणि वर थेंब चढत नव्हता. मी तो बंद केला आणि वळलो तर त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या.

"माझ्या लक्षात आलंच होतं," मी म्हणालो.

"हो ना," त्या म्हणाल्या. त्या 'हो ना'त टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, आम्हाला त्याची सवय असते.

मग हळूहळू कळलं. बाई भंडाऱ्याकडच्या. तालुक्याच्या गावी नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं पंप ऑपरेटर होत्या. नवरा लवकर गेला. मुलगी प्रज्ञा इथे आयटीत लागली, तिनं धायरीत घर घेतलं आणि आईला घेऊन आली. घरावर 'गजभिये' अशी पाटी लागली तेव्हा आमच्या एका सभासदानं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या होत्या. आमच्याकडे जातपात मानत नाहीत, असं आम्ही फार मोठ्यानं म्हणतो. म्हणावं लागतं, हेच काय ते.

विमलताईंच्या पर्समध्ये, बायका वेलदोडे ठेवतात तसे, दोन वॉशर आणि पांढऱ्या टेपची एक गुंडाळी असे. कोणाच्याही घरी गेल्या की दिलेल्या पाण्याचा पहिला घोट तोंडात क्षणभर धरायच्या आणि म्हणायच्या, "टँकरचं आहे ना?" किंवा, "आज बोअर मिसळली का जी?" कधी चुकल्याचं मला आठवत नाही, आणि मी आठवण्याचा बराच प्रयत्न केला आहे. नळ एकदम सोडलेला त्यांना खपत नसे. आधी थोडासा उघडायचा, आतली हवा खरखर करत जाऊ द्यायची, मग पूर्ण. "पाण्याले घाई नसते," म्हणायच्या, "आपल्याले असते." 'पाणी गेलं' हे शब्द मात्र त्यांनी कधी वापरले नाहीत. त्या म्हणत, "पाणी अजून आलं नाही."

बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर पाण्याला जोर नव्हता. गच्चीची गळती बंद करण्याचं काम झालं त्यानंतर ही तक्रार सुरू झाली होती. मी अभ्यास केला. गच्चीवर जोर वाढवणारा एक वेगळा पंप बसवायचा, असा माझा प्रस्ताव होता, आकृतीसकट. वार्षिक सभेत तो मी वाचून दाखवत असताना विमलताई उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, कंटाळल्या. दहा मिनिटांनी परत आल्या आणि मागच्या खुर्चीवर बसल्या. पदराला हात पुसत होत्या.

"साहेब, आता वर पाहा बरं कसं येऊन राहिलं ते."

कोणीतरी वर फोन लावला. पलीकडून बाई ओरडल्या ते सगळ्या सभेला ऐकू आलं, "अहो, आलं! केवढं आलं!"

झालं होतं ते एवढंच. गळतीचं काम करणाऱ्या माणसांनी टाकीतून निघणारा आडवा पाइप उचलून त्याच्याखाली दोन विटा सरकवल्या होत्या आणि काम झाल्यावर तशाच विसरले. पाइपाला मध्येच उंचवटा आला, त्या उंचवट्यात हवा अडकून बसली आणि तिनं पाण्याची वाट अडवली. विमलताईंनी विटा काढल्या. पाइप खाली बसला, हवा निघून गेली. माझ्या प्रस्तावाची पाच पानं माझ्या हातात होती. त्या दोन विटा मी रोज बघत होतो. त्यांच्यावर पाय ठेवून मी टाकीत डोकावत असे.

सभा संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या. "तुमची आकृती लय छान होती जी," म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या, हे मला दिसत होतं. त्यामुळे जेवण गेलं नाही.

त्यानंतर लोक त्यांच्या दारात जायला लागले. आधी बिचकत, मग सरळ. आमच्या गल्लीतला मुख्य व्हॉल्व्ह उघडायला येणारा चावीवाला मला अकरा वर्षं "काय दामले" म्हणत आला. तो स्कूटर थांबवून त्यांना हाक मारू लागला, "ताई, जरा येता का? हा फिरतच नाही." मग दोघं रस्त्याच्या कडेला त्या खड्ड्यात वाकून, माहेरचं कोणी भेटल्यासारखी बोलत बसत. मी गॅलरीतून बघायचो. त्या बोलण्यातलं मला सगळं कळलं असतं, पण मला कोणी बोलावत नव्हतं.

गच्चीवरची टाकी भरलेली असूनही पहाटेपर्यंत रिकामी होऊ लागली, ती गोष्ट अजून सोसायटीत सांगतात. मी म्हणालो, टाकीला चीर गेली आहे, रिकामी करून प्लास्टर करू. विमलताई म्हणाल्या, "एकदा ऐकून तर पाहू." दुपारी तीनची वेळ. त्यांनी सगळ्या घरांना निरोप दिला, दहा मिनिटं कोणी नळ उघडायचा नाही, फ्लश ओढायचा नाही, बादली सरकवायची नाही.

मी मनात हसलो. नोटीस बोर्डावर मी अकरा वर्षांत किती विनवण्या लावल्या असतील! 'कृपया पाणी जपून वापरावे.' 'सभासदांना पुन्हा एकदा नम्र विनंती.' त्यांच्याखाली लोकांनी पेन्सिलनं काय काय लिहिलं होतं तेही मी वाचलेलं आहे. आणि या बाईंनी दहा मिनिटं मागितली तर चोवीस घरांची सोसायटी श्वास धरून बसली. टीव्ही बंद झाले. कुकर उतरवले गेले. माणसं जिन्यात येऊन हाताची घडी घालून उभी राहिली.

विमलताईंनी एक लोखंडी सळई घेतली. तिचं एक टोक पाइपाला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. एक पाइप, दुसरा, तिसरा. पाचव्यापाशी थांबल्या. मग तोच पाइप धरून एकेक मजला खाली उतरल्या. दुसऱ्या मजल्यावर कुलूप लावलेल्या घरापाशी आल्यावर म्हणाल्या, "इथं वाहून राहिलं. याच्या खाली चूप आहे."

त्या घराचे मालक परदेशात. किल्ली मागवून दार उघडलं. आत फ्लशची टाकी दोन महिने अखंड वाहत होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या शेजारी शुभा उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या दुरुस्तीला तिचे डोळे भरून आल्याचं मला स्मरत नाही.

शुभाची आणि त्यांची मैत्री कधी झाली ते मला कळलंच नाही. एक दिवस मी मार्केट यार्डातून कांदे घेऊन आलो तर आमच्या स्वयंपाकघरात नळ सुटा होऊन ओट्यावर पडला होता आणि शुभा पाना हातात घेऊन उभी होती. विमलताई बाजूला स्टुलावर बसून चहा पीत होत्या. हात लावत नव्हत्या, नुसत्या सांगत होत्या. "हं, आता डावीकडं. जोर नका करू, तो आपोआप येते."

"अहो, हे बघा!" शुभा मला म्हणाली. झिजलेला काळा वॉशर तिनं तळहातावर धरला होता. चाळिशीच्या बाईनं पहिल्यांदा सायकल चालवावी तसा तिचा चेहरा झाला होता.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"तुम्हाला किती वेळा सांगायचं? आणि एवढंसं तर आहे."

एवढंसंच होतं. पण 'अहो, नळ गळतोय' ही हाक आमच्या घरातून त्या दिवशी संपली. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून मी ती ऐकत आलो होतो. वैतागून उठायचो, पाना शोधायचो, शुभा बॅटरी धरून उभी राहायची. आमच्यात प्रेमाचं बोलणं फारसं कधी झालं नाही. जे काही झालं ते मोरीत, बॅटरीच्या उजेडात झालं.

त्यांच्या लहानपणाबद्दल मी जे ऐकलं ते असंच, बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून. आत त्या शुभाला सांगत होत्या. त्यांच्या आजीला गावच्या विहिरीच्या पायऱ्या चढायची मुभा नव्हती. खाली ओंजळ धरून उभं राहायचं, वरच्या मोहल्ल्यातली कोणी बाई आली आणि तिला वाटलं तर ती वरून ओतणार. "आजी म्हणे, तहान लागली का आधी माणूस शोधायचं, मग पाणी." घरानं दीक्षा घेतली, गाव सोडलं, तालुक्याला आले. वडील नगरपरिषदेत व्हॉल्व्ह उघडायला लागले. ते गेल्यावर त्यांच्या जागी विमलताईंना घेतलं, तर पहिली दोन वर्षं कचेरीत चहा द्यायला ठेवलं. त्यांनी भांडून पंपहाउस मागून घेतलं.

"मग रोज पहाटे अख्ख्या गावाले मीच पाणी सोडत होते," त्या म्हणाल्या. "वरच्या मोहल्ल्यालेबी."

मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मला लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण खरं सांगायचं तर तेव्हासुद्धा मला हेवाच जास्त वाटला. माझ्याकडे सांगायला असं काहीच नव्हतं. आमच्या घरी पाणी नेहमीच येत होतं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी एक काम केलं, ते मला सगळ्यात जास्त लागलं. गच्चीवरचे आठही पाइप आणि त्यांचे व्हॉल्व्ह त्यांनी रंगवले. ए विंगचे निळे, बी विंगचे हिरवे, आणि प्रत्येकाखाली घरांचे नंबर. पंपाच्या खोलीच्या भिंतीवर पूर्ण जाळ्याचा नकाशा काढला, शाळेतली मुलंसुद्धा वाचतील असा. "म्हणजे कोणाले कोणाच्या भरवशावर राहायचं काम नाही," त्या सभेत म्हणाल्या. "माझ्याही नाही."

अकरा वर्षं मी डोक्यात जपलेलं त्यांनी दोन दुपारी भिंतीवर काढून सगळ्यांना वाटून टाकलं. लोकांना फार आवडलं. माझ्याकडची किल्लीही मग पंपाच्या खोलीबाहेरच्या खिळ्यावर गेली.

एप्रिलात पाणीकपात लागली. एक दिवसाआड पाणी. दोन्ही विंगना कसं पुरवायचं याचं वेळापत्रक विमलताईंनी बसवलं आणि ते चाललं. चालतंय हे मला बघवेना. एका दुपारी सगळे झोपलेले असताना मी गच्चीवर गेलो. विमलताई प्रज्ञाबरोबर एक रात्र बाहेरगावी गेल्या होत्या, हे मला माहीत होतं. ए विंगच्या एका निळ्या व्हॉल्व्हचं चाक मी सात फेरे फिरवलं. पूर्ण बंद नाही केलं. जेमतेम पाझरेल एवढं ठेवलं.

माझा विचार साधा होता. संध्याकाळी तक्रार येईल, विमलताई नसतील, मी वर जाईन, आणि 'रंग लावून पाणी येत नाही हो' असं काहीतरी म्हणून पाणी सुरू करीन. लोकांना आठवेल, दामले म्हणून कोणीतरी आहे.

तो पाइप ज्या घरांना जात होता त्यातलं सगळ्यात वरचं घर पेंडसे आजींचं. पेंडसे आजोबा वर्षभर अंथरुणावर. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माझ्या डोक्यात सगळी घरं होती.

संध्याकाळी मी निघालो तर गच्चीवर कोणाकडचा तरी वाढदिवस, माणसंच माणसं. मी परत फिरलो. रात्र तशीच गेली. सकाळी खालच्या दोन मजल्यांना पाझरतं पाणी आलं. वर पेंडशांकडे काहीच नाही. दोन माणसं गच्चीवर जाऊन उभी राहिली आणि निळ्या पाइपाकडे बघत चर्चा करू लागली. त्यांच्यादेखत चाक फिरवायची माझी हिंमत झाली नाही.

विमलताई दहा वाजता आल्या. बातमी कळल्यावर त्या गच्चीवर गेल्या नाहीत. आधी आपल्या घरातल्या दोन बादल्या भरल्या आणि तिसऱ्या मजल्याकडे निघाल्या. आमच्याकडे लिफ्ट नाही. मी जिन्यातून उतरत होतो. त्या वळणावर थांबून दम घेत होत्या, त्रेसष्ट वर्षांची बाई, दोन्ही हातांत बादल्या.

"पंपाचाच काहीतरी घोळ असणार," मी म्हणालो आणि भिंतीला लागून उभा राहिलो. त्या पुढे गेल्या.

आजोबांचं सगळं आवरून झाल्यावरच त्या गच्चीवर आल्या. मी तिथे होतो. आणखी तीन-चार सभासद होते. विमलताईंनी निळं चाक धरलं आणि फिरवायला लागल्या. ओठ हलत होते, त्या फेरे मोजत होत्या. सात झाल्यावर चाक थांबलं आणि पाइपातून पाणी जायचा आवाज आला.

"काय झालं होतं, ताई?" एकानं विचारलं.

"व्हॉल्व्ह जुना आहे," त्या म्हणाल्या. "सैल पडला."

सगळे खाली गेले. मी जायला वळलो तेव्हा त्या म्हणाल्या, "दामलेभाऊ."

आजवर त्या मला साहेब म्हणत होत्या.

"मीबी केलं होतं एकदा," त्या म्हणाल्या. टाकीच्या सावलीत त्या खाली बसल्या, पदरानं मान पुसली. "नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी. वरच्या मोहल्ल्याचा व्हॉल्व्ह. उघडलाच नाही एक दिवस. आजीची लय आठवण आली होती. पंपहाउसात बसून राहिले, मोठी मजा वाटली. दुपारी बाहेर आले तं त्या मोहल्ल्यातल्या पोरी हंडे घेऊन हातपंपावर. त्यातली एक, माझी प्रज्ञा तवा होती तेवढी. हंडा उचलता येईना तिले. ओढत नेत होती."

मी निळ्या चाकाकडे बघत होतो.

"चावी हाती असली का माणूस कसा होते, ते मले तवा कळलं. कोणाले सांगितलं नव्हतं. आज तुमाले सांगितलं." त्या उठल्या. "पेंडसे आजीले काय सांगायचं ते तुमचं तुम्ही पाहा. मी नाही सांगत."

मी तेव्हा सांगितलं नाही. घरी जाऊन पंखा लावून बसलो. त्यांनी मला वाचवलं होतं, याबद्दल मला कृतज्ञता वाटायला हवी होती. मला वाटलं, हेही यांचंच. चूक मी केली, आणि मोठ्या त्याच झाल्या. स्वतःचं पाप त्या दोन मिनिटांत, सावलीत बसून, घाम पुसत सांगून टाकू शकतात आणि मला ते साधत नाही. इतका हेवा मला त्या दोन विटांच्या वेळीसुद्धा वाटला नव्हता.

पावसाळ्यानंतर प्रज्ञानं कात्रजला भाड्यानं घर घेतलं, तिचं ऑफिस त्या बाजूला बदललं होतं. सामान गेलं त्या दिवशी अख्खी सोसायटी फाटकात होती. विमलताईंनी सगळ्यांचा निरोप घेतला. शुभाला मिठी मारली. मला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "येते भाऊ. पाण्याकडं पाहा." मी मान हलवली.

त्यानंतर आठवड्यानं मी पेंडसे आजींकडे गेलो. आजोबा तोवर गेले होते. आजी खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सात फेरे, दुपार, सगळं.

आजींनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. "वाटलंच मला," म्हणाल्या. "आपोआप फिरायला व्हॉल्व्ह म्हणजे काय पंखा आहे? बसा."

मी बसलो.

"त्याचा राग नाही हो फारसा. माणूस करतो एखाद्या वेळी वेड्यासारखं. पण ती बाई त्या दिवशी अकरा बादल्या घेऊन हा जिना चढली. मी मोजल्यात. आणि तुम्ही तिला वाट करून दिलीत. दार उघडं होतं माझं, मला दिसत होतं. वाट दिलीत, दामले. बादली नाही घेतलीत."



घरी येऊन मी शुभालाही सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, "मी विमलताईंबरोबर पोहायला शिकायला जाणार आहे. कात्रजला. आठवड्यातून दोनदा. सोडणार असाल तर सोडा, नाहीतर मी बसनं जाईन."

"पोहायला? या वयात?"

"त्यांचं वय काय आहे?"

मी सोडायला जाऊ लागलो. सुरुवातीला तलावाच्या फाटकापाशीच स्कूटर लावून उभा राहायचो. विमलताई दिसायच्या, पिशवी खांद्याला, नमस्कार करून आत जायच्या. एकदा धीर करून मी विचारलं, "तिकडे सोसायटीत पाण्याची व्यवस्था कशी आहे?"

"माहीत नाही जी," त्या म्हणाल्या. "नळ सोडला का येते."

मला वाटलं, त्या थट्टा करतायत. पण त्या खरंच सांगत होत्या. तिथला पंप कुठे आहे हेसुद्धा त्यांनी बघितलं नव्हतं. "पुरे झालं ना भाऊ आता. चौतीस वर्षं गावाले पाणी पाठवलं, मग तुमाले. स्वतः कधी घोट्याच्या वर भिजले नाही. म्हटलं, एकदा उतरून तं पाहू." आणि हसत आत गेल्या. ज्या गोष्टीसाठी मी नको ते करून बसलो, ती या बाईंनी पर्स बाजूला ठेवावी तशी ठेवून दिली होती.

डिसेंबरात प्रज्ञाची बदली नागपूरला झाली. विमलताईंचा तो पोहण्याचा शेवटचा दिवस. शुभा म्हणाली, "आज आत या. बसायला बाक आहेत." मी गेलो. सकाळचं कोवळं ऊन होतं. चार-पाच बाप्ये कठड्याशी गप्पा मारत बसले होते. ज्येष्ठांच्या वर्गातल्या बायका पाण्यात होत्या, पूर्ण बाह्यांचे पोशाख, डोक्याला रबरी टोप्या. कोण कुठली ते ओळखू येत नव्हतं. मग शुभा ओळखू आली, तिच्या खांद्यांवरून. ती छातीएवढ्या पाण्यात उभी होती आणि शिडीकडे दोन्ही हात पसरून काहीतरी म्हणत होती.

विमलताई शिडीवर होत्या. दोन महिन्यांत त्यांनी दांडा एकदाही सोडला नव्हता, असं शुभानं मला सांगितलं होतं. दांडा धरून एकेक पायरी उतरल्या. पाणी छातीशी आल्यावर थांबल्या. चेहरा घाबरलेला होता. अडीच वर्षांत मी त्यांचा तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. थंडीनं दात वाजत असावेत. शिकवणारी मुलगी म्हणाली, "सोडा ताई, सोडा दांडा." त्यांनी मान हलवली, नाही. शुभा आणखी एक पाऊल पुढे आली.

आणि मग त्यांनी दांडा सोडला. एक क्षण पूर्ण खाली गेल्या. मी बाकावरून उठलो. पुन्हा वर आल्या, नाकातोंडात पाणी, टोपी तिरकी, आणि हातपाय मारत, ना धड पोहणं ना धड बुडणं, असं करत दोन-तीन हात अंतर कापून शुभाच्या हातांपर्यंत पोचल्या. दोघी एकमेकींना धरून इतक्या मोठ्यानं हसल्या की कठड्यावरचे बाप्ये वळून बघायला लागले. शुभाचं असं हसणं मी लग्नाच्या आधीही ऐकलं नव्हतं.

"तुमचं कोणी आहे का पाण्यात?" शेजारच्या गृहस्थांनी विचारलं.

"दोघी," मी म्हणालो.

"तुम्ही नाही उतरत?"

मी पुण्यात जन्मलो, पुण्यात वाढलो. नदीकाठच्या शाळेत शिकलो. विमलताईंनी शुभाचे हात सोडले आणि शिडीकडे परत जायला, एकट्या, पाण्यावर आडव्या झाल्या.

"नाही," मी त्या गृहस्थांना म्हणालो. "मला येत नाही."